फ्लॉरेन्स एका दिवसात : उफ्फिझी, पित्ती, पलात्झो वेक्यो (फक्त चित्रं आणि राजवाडे)

पायपीट (धागाकर्ता)

इटलीच्या दहा-बारा दिवसांच्या सहलीत फ्लॉरेन्सच्या वाट्याला बहुतेक वेळा एकच दिवस येतो, आणि त्या एका दिवसात लोक सात ठिकाणं कोंबतात. हा धागा फक्त चित्रसंग्रह आणि राजवाडे यांच्यापुरता ठेवू. घुमट, चर्च, चामड्याच्या पिशव्या यांच्यासाठी वेगळा धागा काढावा.

नियोजनाला सोपी जावी अशी एक गोष्ट आधी. या तिन्ही इमारती म्हणजे एकाच घराण्याची, मेदिचींची, वहिवाट आहे. त्यांच्यातला ड्यूक कोसिमो पहिला १५४० मध्ये पलात्झो वेक्योत, म्हणजे गावाच्या जुन्या दरबारात, राहायला आला. १५६० मध्ये वासारी या वास्तुकार-चित्रकाराने त्याच्यासाठी शेजारी सरकारी कचेऱ्या बांधायला घेतल्या. 'उफ्फिझी' (आजचं चित्रसंग्रहालय) या शब्दाचा अर्थच कचेऱ्या. नदीपलीकडचा पित्ती राजवाडा कोसिमोची बायको एलेओनोरा हिने पित्ती नावाच्या सावकाराच्या वारसांकडून घेतला होता. मग १५६५ मध्ये घर, कचेरी आणि दरबार जोडणारा बंदिस्त पूल-रस्ता वासारीने पाच महिन्यांत उभा केला. म्हणजे दरबार, कचेरी, घर या क्रमाने चालत गेलं तर एकूण अंतर जेमतेम एक किलोमीटर भरतं आणि इतिहासही त्याच क्रमाने उलगडतो.

म्हणून माझा आराखडा असा: सकाळी ९ ला वेक्यो, ११ ला उफ्फिझी, जेवण, पाँते वेक्यो हा पूल ओलांडून ३ ला पित्ती. जाणकारांनी दुरुस्त्या सुचवाव्यात.

रंगपेटी

क्रम कागदावर देखणा आहे, पण ११ वाजता उफ्फिझी म्हणजे दादर स्टेशनवर संध्याकाळी सातला उतरण्यासारखं. दहा ते दोन या वेळात मोठे गट आत असतात आणि बोत्तिचेल्ली या चित्रकाराच्या दालनात चित्रापेक्षा उंचावलेले मोबाईलच जास्त दिसतात. उफ्फिझी उघडतं सव्वाआठला. पहिली वेळ घ्या. वेक्यो ही पालिकेची वास्तू आहे आणि संध्याकाळी ७ पर्यंत उघडी असते (गुरुवार सोडून, गुरुवारी दुपारी २ ला बंद). तिला शेवटी टाका. पूल परत ओलांडायला बारा मिनिटं लागतात. क्रमाच्या सौंदर्यासाठी दोन तास गर्दीत घालवू नका.

सव्वाआठला आत गेल्यावर काय करायचं तेही सांगतो. जिना चढून (शंभरावर पायऱ्या आहेत. गुडघ्यांचा त्रास असेल तर कर्मचाऱ्यांना लिफ्ट विचारा, देतात) वर पोचलात की सगळे पहिल्या दालनातल्या जोत्तोच्या चित्रापाशी थांबतात. तुम्ही थांबू नका. लांब ओसरीतून सरळ बोत्तिचेल्लीकडे जा. वीस मिनिटं ती दालनं जवळजवळ मोकळी मिळतात. मग मागे येऊन जोत्तोपासून सुरुवात करा. त्या मजल्यावर मागे-पुढे फिरता येतं. खालच्या मजल्यावर उतरलात की मात्र परत वर येता येत नाही असं धरून चाला.

नकाशा

तिकिटाबद्दल, कारण निम्मे दिवस इथेच बिघडतात.

१. अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या. २०२५ च्या दरानुसार उफ्फिझीचं तिकीट २५ युरो आणि आगाऊ वेळ राखण्याचे ४ युरो, एकूण २९. कुठे माणशी ५०-६० दिसले तर तो दलाल आहे, नाव कितीही अधिकृत वाटो. निघण्याआधी चालू दर बघून घ्या.

२. भारतीय कार्ड अडकतं त्याचं नेहमीचं कारण म्हणजे बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहार बंद असतात. २०२० पासून नवीन कार्डांवर ते मुळातच बंद येतात. आधी चालू करा, मर्यादा वाढवा, मगच वेळ निवडायला बसा. नाहीतर पैसे भरण्याच्या पानावर वेळ संपते आणि निवडलेली वेळ हातची जाते.

३. १८ वर्षांखालच्या सगळ्यांना सरकारी संग्रहालयं मोफत आहेत, देश कुठलाही असो. पण मुलांसाठीही मोफत तिकीट यादीत घालावं लागतं. पासपोर्ट जवळ ठेवा.

४. ई-मेलमध्ये क्यूआर असलेलं तिकीट आलंय की नुसतं व्हाउचर, हे आदल्या रात्री वाचा. व्हाउचर असेल तर आधी ३ नंबरच्या दारावर जाऊन तिकीट घ्यायचं, मग १ नंबरच्या दाराने आत. ही दोन दारं चौकाच्या समोरासमोरच्या बाजूंना आहेत. लोक १ नंबरच्या रांगेत वीस मिनिटं उभे राहतात आणि तोंडाशी गेल्यावर परत पाठवले जातात. २ नंबर म्हणजे ज्यांनी काहीच राखून ठेवलेलं नाही त्यांची रांग.

५. महिन्याचा पहिला रविवार मोफत असतो. त्या दिवशी वेळ राखता येत नाही. दिवस एकच असेल तर मोफतच्या मोहात पडू नका.

६. सोमवारी उफ्फिझी आणि पित्ती दोन्ही बंद. हे इतक्या ठिकाणी लिहिलेलं असूनही दर सोमवारी त्या चौकात हिरमुसलेली कुटुंबं दिसतात.

अळूवडी

नकाशा, मस्त यादी. दोन प्रश्न. आमचा फ्लॉरेन्सचा दिवस नेमका सोमवारच आहे, बदलता येत नाही. आणि सोबत सासूबाई आहेत, पूर्ण शाकाहारी. दुपारचं काय?

नकाशा

@अळूवडी, सोमवारही वाया जात नाही. वेक्यो उघडा असतो. मेदिची-रिकार्दी राजवाडा बुधवारी बंद, सोमवारी उघडा. पित्तीमागची बोबोली बाग महिन्याच्या पहिल्या आणि शेवटच्या सोमवारी बंद असते, मधल्या सोमवारी चालू. म्हणजे सकाळी मेदिची-रिकार्दी, दुपारी वेक्यो, उन्हं उतरल्यावर बाग.

मेदिची-रिकार्दीला लोक फारसे जात नाहीत, आणि ते त्यांचं नुकसान आहे. आत पहिल्या मजल्यावर एक छोटं देवघर आहे. बेनोत्सो गोत्सोलीने १४५९ च्या सुमारास त्याच्या तीन भिंती मिरवणुकीने भरून काढल्या. विषय येशूच्या दर्शनाला निघालेल्या तीन राजांचा, पण घोड्यांवरचे चेहरे मेदिचींचे आणि त्यांच्या पाहुण्यांचे. चित्रकाराने स्वतःलाही गर्दीत बसवलंय आणि टोपीच्या काठावर नाव लिहून ठेवलंय. एका वेळी मोजकीच माणसं आत सोडतात, तीही थोडी मिनिटं. आत जाण्याआधी कुठली भिंत आधी बघायची ते ठरवून जा. दाराबाहेर रांग कमी असेल तर पुन्हा एकदा उभं राहायला कोणी हरकत घेत नाही.

उंबरठा

शाकाहाराचं मी सांगते. फ्लॉरेन्सचे दोन पदार्थ आपल्याकडच्या शिळ्या पोळीच्या कुस्करलेल्या चिवड्याचे चुलतभाऊ आहेत: 'रिबोल्लिता' (शिळा पाव, पांढरे घेवड्याचे दाणे, काळपट पानांचा कोबी, सगळं दुसऱ्यांदा उकळलेलं) आणि 'पाप्पा अल पोमोदोरो' (पाव, टोमॅटो, तुळशीची जात, तेल). नाव शाकाहारी असलं तरी रस मांसाच्या पाण्यात केलेला असू शकतो. "ब्रोदो दी कार्ने?" एवढं विचारा. 'पेकोरिनो' या मेंढीच्या दुधाच्या चीजमध्ये बहुधा प्राण्यांचं विरजण (रेनेट) असतं. कडक पाळणाऱ्यांनी ते टाळावं. 'लांप्रेदोत्तो' असं लिहिलेल्या गाडीपासून लांब राहा, ते गाईच्या चौथ्या जठराचं असतं. आणि तिथला पाव मुळातच अळणी असतो. बिघडलाय म्हणून तक्रार करू नका.

उफ्फिझीमागच्या गल्लीत भरलेला पाव (स्कियाच्चाता) मिळतो, भाज्या घालूनही देतात. तो घेऊन तिथेच फुटपाथवर किंवा दुकानाच्या पायरीवर बसू नका. २०१८ मध्ये पालिकेने तिथल्या चार रस्त्यांवर जेवणाच्या वेळात असं बसून खायला मनाई करून दंड लावला होता. नदीच्या कडेला चालत खा.

बारमध्ये कॉफी उभ्याने प्यायली की स्वस्त, टेबलाशी बसलं की दर वेगळा. बिलात 'कोपेर्तो' दिसला तर तो माणशी बैठकीचा आकार असतो. टिप नाही, फसवणूकही नाही.

पायपीट (धागाकर्ता)

रंगपेटी यांचा मुद्दा मान्य. नवा क्रम: ८:१५ उफ्फिझी, ११:४५ पर्यंत बाहेर, जेवण, १:३० पित्ती, ४:४५ पर्यंत तिथून निघून ५ ला वेक्यो. गुरुवारी वेक्यो गाळून बोबोली बाग.

आता प्रश्न असा की उफ्फिझीत साडेतीन तासांत नेमकं काय बघायचं? "सगळं बघा" हे उत्तर नको.

रंगपेटी

आधी एक सूचना. जुन्या पुस्तकातले दालनांचे क्रमांक विसरा. मांडणी बदलली आहे, क्रमांकही बदललेत. चित्रकाराच्या नावाने शोधा.

पहिलं दालन. चिमाबुए, दुच्चो आणि जोत्तो या तिघांच्या सिंहासनावरच्या मेरी एकाच खोलीत आहेत. दुच्चोची १२८५ ची, जोत्तोची १३१० च्या आसपासची. पाव शतकात काय बदललं ते बघायला फक्त गुडघे बघा. जोत्तोच्या मेरीचे गुडघे कापडाखालून पुढे आलेले जाणवतात, ती खरंच बसलेली आहे. बाकीच्या दोघी सोन्यावर तरंगतात. या खोलीत पंधरा मिनिटं दिली की पुढची तीन शतकं आपोआप कळायला लागतात.

पिएरो देल्ला फ्रांचेस्काची उर्बिनोच्या राजा-राणीची जोडचित्रं. राजाचा उजवा डोळा झुंजीच्या खेळात गेला होता, म्हणून तो कायम डाव्या बाजूनेच दिसतो. नाकाच्या वरच्या भागातली खाच लपवलेली नाही. ही चित्रं काचेच्या उभ्या पेटीत मधोमध आहेत आणि मागची बाजूही रंगवलेली आहे, दोघांच्या रथांची मिरवणूक. शंभरातले ऐंशी जण मागे जातच नाहीत.

बोत्तिचेल्ली. 'प्रिमावेरा' लाकडी फळ्यांवर आहे, 'व्हीनसचा जन्म' कापडावर, तेही दोन तुकडे शिवून केलेल्या. दोन्ही टेम्परा, म्हणजे अंड्यात कालवलेला रंग. तो लगेच वाळतो, तेलरंगासारखा ओला ठेवून एकात एक मिसळता येत नाही. म्हणून जवळ जाऊन पाहिलंत तर छटा बारीक-बारीक रेघांनी केलेल्या दिसतात. व्हीनसच्या केसांत, शिंपल्याच्या कडांवर आणि उजवीकडच्या झाडांच्या पानांवर खऱ्या सोन्याच्या रेघा आहेत. समोरून त्या दिसत नाहीत, काचेची चकाकी आड येते. चित्राच्या डाव्या टोकाशी जा, थोडं खाली वाका आणि तिरप्या नजरेने केसांकडे बघा. बट उजळते. मग एक पाऊल उजवीकडे सरका, ती विझते. मेणबत्तीच्या उजेडात हे सगळं हलत असणार.

त्रिबुना हे अष्टकोनी दालन. आत सोडत नाहीत, दारातूनच बघायचं. तीन दारं आहेत, पहिल्या दाराशी गर्दी दिसली तर पुढच्या दाराशी जा. घुमटाला आतून हजारो शिंपले जडवलेत.

लिओनार्दोच्या 'अनन्सिएशन'मधला (देवदूत मेरीला येशूच्या जन्माची वार्ता देतो तो प्रसंग) मेरीचा उजवा हात समोरून बघितला तर फार लांब वाटतो. चित्राच्या उजव्या बाजूला उभं राहून बघा, हात जागेवर येतो. मूळ जागी ते चित्र बाजूने बघितलं जाणार होतं, असा त्यावरून कयास आहे.

मिकेलँजेलोचं गोल चित्र, 'दोनी तोंदो'. १२० सेंटिमीटर व्यास. चित्रासोबत चौकट बघा, ती मूळचीच आहे. लाकडातून पाच डोकी बाहेर आलीत आणि नक्षीत चंद्रकोरी आहेत. चंद्रकोर ही वधूच्या, म्हणजे स्त्रोत्सी घराण्याची खूण. नवरा-बायको कोण होते ते बघायचं असेल तर राफाएलने काढलेली त्यांची व्यक्तिचित्रं त्याच दालनात आहेत.

मग गच्चीवरच्या कॅफेत दहा मिनिटं बसा. खाणं महाग आहे, पण वेक्योचा मनोरा इतक्या जवळून दुसरीकडून दिसत नाही.

आणि इथेच बहुतेकांची चूक होते. थकून थेट बाहेरचा रस्ता धरतात आणि खालचा मजला धावत पार करतात. तित्सियानची 'उर्बिनोची व्हीनस', कारावाज्जोची 'मेदुसा' आणि आर्तेमिसिया जेंतिलेस्कीची 'जुदिथ' (शत्रूच्या सेनापतीची मान कापणारी बायबलमधली स्त्री) खाली आहेत. मेदुसा सपाट फळीवर नाही, फुगीर लाकडी ढालीवर आहे. बाजूला सरकत बघा, ओरडणारा चेहरा आपल्याबरोबर वळतो. खालच्या मजल्यासाठी सव्वा तास बाजूला काढून ठेवा. वरच्या मजल्यावर कमी पडला तरी चालेल.

खडू

+१. जुदिथबद्दल एक भर. कारावाज्जोच्या जुदिथची (ते चित्र रोममध्ये आहे) हात लांब ठेवून मान कापायची तऱ्हा आठवा आणि मग आर्तेमिसियाच्या जुदिथचे हात बघा. बाह्या वर केलेल्या, मनगटं ताठ, दासीने सगळं वजन टाकून माणसाला दाबून धरलेलं. वजन कुठे पडतंय हे तिने नीट ओळखलंय. रक्ताचे थेंब जुदिथच्या छातीपर्यंत उडालेत, ते शोधा.

बारीकसारीक: मोठी पाठपिशवी आणि छत्री सामानघरात ठेवावी लागते. फ्लॅश, तिपाई, सेल्फीची काठी चालत नाही. पाण्याची बाटली अर्ध्या लिटरचीच न्या. स्वच्छतागृहाचं काम वर चढण्याआधी तळातच आटपून घ्या.

अळूवडी

तो वासारीचा बंदिस्त रस्ता आता उघडलाय ना? त्यातूनच पित्तीला जाता येईल का? म्हणजे पुलावरची गर्दी टळेल.

नकाशा

डिसेंबर २०२४ मध्ये उघडला. उफ्फिझीच्या तिकिटाबरोबर जोडून वेगळी वेळ घ्यावी लागते, छोट्या गटांनी सोडतात, एकाच दिशेने. बाहेर पडता ते बोबोली बागेच्या कडेला. पित्तीचं तिकीट त्यात येत नाही. उफ्फिझीच्या सामानघरात काही ठेवलेलं असेल तर पूल ओलांडून ते आणायला परत यावं लागेल, म्हणून त्या दिवशी हात मोकळे ठेवून जा.

आत आता चित्रं नाहीत, भिंती मोकळ्या आहेत. पूर्वी तिथे असलेली चित्रकारांची आत्मचित्रं उफ्फिझीत खालच्या मजल्यावर हलवली आहेत. ज्यांना वास्तू आवडते त्यांनी जावं. चित्रांसाठी आलेल्यांनी ते पैसे पित्तीत घालावेत. पुलाच्या दक्षिण टोकाशी हा रस्ता एका जुन्या मनोऱ्याला वळसा घालतो, कारण मान्नेल्ली कुटुंबाने मनोरा पाडू दिला नाही. तो वळसा खालून, रस्त्यावरूनही फुकट दिसतो.

उंबरठा

पुलावरून पित्तीकडे जाताना डाव्या हाताला सांता फेलिचिता चर्च लागतं. आत शिरल्या शिरल्या उजवीकडच्या देवळीत पोंतोर्मोचं १५२५ ते १५२८ मधलं चित्र आहे, क्रुसावरून उतरवलेला येशू. गुलाबी, निळा, पोपटी असे रंग त्या काळाच्या मानाने वेगळेच वाटतात. तिकीट नाही. दुपारी काही तास चर्च बंद असतं, त्यामुळे बाराच्या आत पोचलात तर सापडेल.

पायपीट (धागाकर्ता)

पित्तीबद्दल कोणी लिहिलं नाही अजून. "अंधारलेलं, खचाखच भरलेलं, पाट्या नसलेलं" अशी तक्रार सगळीकडे वाचायला मिळते.

रंगपेटी

तक्रार खरी आहे, पण त्याचं कारण कळलं की राग जातो. पालातीना ही पित्तीतली चित्रांची दालनं म्हणजे संग्रहालय नाही, राजाची बैठक आहे. चित्रं काळाप्रमाणे किंवा चित्रकाराप्रमाणे लावलेली नाहीत. चौकटीला चौकट भिडवून, भिंत शोभेल अशी लावलीत. जसं आपल्याकडे जुन्या वाड्याच्या दिवाणखान्यात पूर्वजांचे फोटो, देवांच्या तसबिरी आणि मामलेदारसाहेबांचं प्रशस्तिपत्र एकाच खुंटीच्या ओळीत असतं. मांडणी एकोणिसाव्या शतकातली आहे आणि मुद्दाम तशीच ठेवली आहे. चौकटीच्या खालच्या पट्टीवर छोटी पितळी नावं दिसतात, तेवढीच पाटी.

म्हणून इथे बघायची पद्धत वेगळी. आधी वर बघा. व्हीनस, अपोलो, मंगळ, गुरू, शनी या ग्रहांच्या नावांची पाच दालनं आहेत आणि त्यांची छतं १६४० च्या दशकात पिएत्रो दा कोर्तोनाने सुरू केली. एका तरुण राजपुत्राला प्रत्येक ग्रहाकडून एकेक गुण मिळत जातो, अशी ती गोष्ट आहे. पांढऱ्या-सोनेरी गिलाव्यातल्या मूर्ती आणि रंगवलेल्या आकृत्या कुठे जुळतात ते ओळखता येत नाही, मान अवघडेपर्यंत बघत राहावं असं काम. मग भिंतीवरची चार-पाचच चित्रं निवडा: राफाएलची 'मादोन्ना देल्ला सेज्जोला' (गोल, ७१ सेंटिमीटर, वाटतं त्यापेक्षा बरीच लहान), त्याचीच 'ला वेलाता', रूबेन्सचं युद्धाच्या परिणामांवरचं चित्र. 'वेलाता'च्या फुगीर बाहीपाशी थांबा. रेशमाच्या चुण्या पांढऱ्या, राखाडी आणि पिवळसर अशा तीन-चार रंगांतच केल्या आहेत.

शाही निवासाची दालनं २०२५ च्या सुरुवातीला पुन्हा उघडली. १८६५ ते १८७१ फ्लॉरेन्स इटलीची राजधानी होती, तेव्हा राजाचा मुक्काम इथेच होता. खजिना, पोशाख आणि आधुनिक चित्रं असे इतर विभाग त्याच राजवाड्यात आहेत. एका दिवसात पालातीना आणि खजिना पुरे. बोबोली चढाची आहे, तिचं तिकीट वेगळं. सासूबाई बरोबर असतील तर पहिल्या गच्चीपर्यंतच.

खडू

आणि संध्याकाळी वेक्योत तीनच गोष्टी. पाचशेचं दालन, ५४ मीटर लांब आणि २३ रुंद. वासारीने छप्पर सात मीटरने उचलून वर भिंतभर लढाया रंगवल्या. मार्चानोच्या लढाईत वरच्या बाजूला एका हिरव्या निशाणावर 'चेर्का त्रोवा' (शोधा म्हणजे सापडेल) अशी बारीक पांढरी अक्षरं आहेत. मोबाईलच्या कॅमेऱ्याने झूम केल्याशिवाय दिसत नाहीत. त्या दालनाच्या कोपऱ्यातली, कोसिमोचा मुलगा फ्रांचेस्को याची बिनखिडकीची अभ्यासिका. आणि वर नकाशांची खोली, जिथे ५३ नकाशे कपाटांच्या दारांवर तेलरंगात काढलेत. मनोऱ्याचं तिकीट वेगळं, पावसात बंद.

मिकेलँजेलोच्या 'दाविद' पुतळ्यासाठी अकादेमिया संग्रहालयात जायचा हट्ट असेल तर पित्ती सोडा. दोन्ही होत नाही. चौकात वेक्योच्या दाराशी १९१० ची प्रतिकृती मूळ जागेवरच उभी आहे.

अळूवडी

राजधानीचा उल्लेख आला म्हणून विचारते. कोल्हापूरच्या राजाराम महाराजांची छत्री फ्लॉरेन्समध्येच आहे ना?

उंबरठा

हो. दुसरे राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्येच वारले, वय अवघं वीस. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांचं दहन करायला पालिकेने खास परवानगी दिली. १८७४ मध्ये त्या जागी छत्री उभी राहिली. अर्धपुतळा चार्ल्स फुलर या शिल्पकाराचा, रंगवलेला, फेटा-दागिन्यांसकट. चारी बाजूंना चार भाषांत लेख आहेत. शेजारचा मोठा रस्त्याचा पूल 'पाँते अल्ल'इंदियानो', म्हणजे 'त्या भारतीयाचा पूल', याच नावाने ओळखला जातो.

पण वरच्या आराखड्यात ते बसत नाही, हे स्पष्ट सांगते. छत्री काशीने बागेच्या पार पश्चिम टोकाला आहे. टी१ ट्रामच्या 'काशीने' थांब्यावर उतरलात तर बागेतून जवळजवळ तीन किलोमीटर सरळ चालायचं, आणि तेवढंच परत. वेक्यो गाळा, पित्तीतून चारला निघा, उन्हाळ्यात उजेड साडेआठपर्यंत असतो. हिवाळ्यात पाचच्या आधीच अंधार पडतो आणि त्या टोकाला तेव्हा फारशी वर्दळ नसते. त्या दिवसांत सकाळीच जा.

अळूवडी

सोमवारचं जमलं मग. सकाळी छत्री, ११ ला मेदिची-रिकार्दी, ३ ला वेक्यो. बाग राहिली तर राहिली.

नकाशा

@अळूवडी, थांब्यावरून बागेत शिरल्यावर नदी डाव्या हाताला ठेवून चाला, चुकायला जागा नाही. पाणी स्टेशनजवळूनच भरून घ्या.